हवाई हल्ल्याखाली युद्धनौका सैनिक कसे सोडवून आणते: क्रीट, मे १९४१

२० मे १९४१ रोजी जर्मन छत्रीधारी सैनिक क्रीट बेटावर उतरले. आठवड्याभरात बेट हातचं गेल्याचं स्पष्ट झालं आणि २७ मे रोजी ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या फौजांना तिथून काढायचा निर्णय झाला. विमानं जवळपास सगळी जर्मनांची, बंदरं मोडकी, आणि सुरक्षित ठिकाण म्हणजे साडेतीनशे सागरी मैलांवरचं अलेक्झांड्रिया. चार-पाच दिवसांत सुमारे १६,५०० सैनिक इजिप्तला पोहोचले. त्यासाठी नौदलाने मोजलेली किंमत भयानक होती.

अशा मोहिमांबद्दल वाचताना आपलं लक्ष बॉम्ब आणि तोफांकडे जातं. खरा निकाल मात्र बहुतेक वेळा आधीच लागलेला असतो, तो घड्याळावर. अंधाराचे तास किती, त्यात किती माणसं चढतात, आणि उजाडताना जहाज शत्रूच्या विमानतळापासून किती लांब असतं, या तीन आकड्यांवर सगळं उभं असतं. शिवाय ज्यांना वाचवायचं त्यांनाच पोटात घेतल्यावर जहाज लढायला कमजोर होतं. या दोन गोष्टी नीट कळल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. त्यासाठी हेराक्लिओनहून निघालेल्या एका ताफ्याची ३८ तासांची फेरी बघू.

रात्रीचा हिशेब

हेराक्लिओन हे क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावरचं बंदर. बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब, त्यामुळे इजिप्तकडे यायचं तर पूर्वेच्या टोकाला वळसा घालून कासोस सामुद्रधुनीतून दक्षिणेला उतरावं लागतं. या सामुद्रधुनीच्या शेजारीच कार्पाथोस बेट आहे. तेव्हा ते स्कार्पांटो नावाने ओळखलं जायचं, इटलीच्या ताब्यात होतं, आणि तिथल्या धावपट्टीवर सूर मारून बॉम्ब टाकणारी जर्मन स्टुका विमानं होती. म्हणजे जाता-येता दोन्ही वेळा शत्रूच्या दारावरून जायचं.

२८ मेच्या सकाळी ६ वाजता रिअर ॲडमिरल रॉलिंग्ज यांचा ताफा अलेक्झांड्रियाहून निघाला. ओरायन, एजॅक्स आणि डायडो या तीन क्रूझर म्हणजे मोठ्या युद्धनौका, आणि हॉटस्पर, जॅकल, डिकॉय, हेरवर्ड, इंपीरियल, किंबर्ली या सहा विनाशिका, म्हणजे त्यांच्याहून लहान युद्धनौका. ही वेळ मुद्दाम साधलेली होती. लवकर निघालं तर सामुद्रधुनीत दिवसाउजेडी पोहोचणार, उशिरा निघालं तर बंदरात माणसं चढवायला वेळ उरणार नाही. तरीही संध्याकाळपासून अंधार पडेपर्यंत हल्ले झालेच. एजॅक्सच्या अगदी शेजारी बॉम्ब फुटला आणि तिला मागे पाठवावं लागलं. इंपीरियलच्या जवळही एक फुटला, पण तिला काही झाल्याचं दिसलं नाही. हे ‘दिसलं नाही’ पुढे फार महागात पडलं.

रात्री साडेअकराला ताफा हेराक्लिओनला पोहोचला. क्रूझर बाहेर खोल पाण्यात थांबल्या. विनाशिका आत जाऊन धक्क्याला लागायच्या, सैनिक घ्यायच्या, बाहेर येऊन क्रूझरच्या कुशीला लागून त्यांना तिच्यावर चढवायच्या आणि पुन्हा आत जायच्या. काम दुप्पट वाटतं, पण त्यामागे कारण आहे. लांब क्रूझरला अरुंद बंदरात, अंधारात, टगबोटीशिवाय वळवायला वेळ लागतो आणि ती आत अडकली तर सगळ्यांचीच वाट बंद होते. छोटी विनाशिका पटकन वळते.

पहाटे ३ वाजून २० मिनिटांनी ताफा निघाला तेव्हा जहाजांवर चार हजारांच्या आसपास सैनिक होते. पावणेचार तासांत चार हजार म्हणजे मिनिटाला अठराच्या आसपास. दिवे नाहीत, आरडाओरड नाही, बाजूला जहाजाचा डेक लाटेने वरखाली होतोय, आणि सलग पावणेचार तास हा वेग राखायचा. याला तयारी लागते ती जमिनीवर. सैनिकांच्या पन्नास-पन्नासच्या तुकड्या आधीच पाडून ठेवायच्या, प्रत्येकीबरोबर वाट माहीत असलेला एक माणूस द्यायचा, जड सामान मागे ठेवायला लावायचं, आणि धक्क्यावर एका वेळी तेवढेच लोक आणायचे जेवढे लगेच चढतील. धक्क्यावर गर्दी साचली की रांग मोडते आणि वेग निम्म्यावर येतो.

उघड्या किनाऱ्यावरून माणसं उचलायची असतील तर चित्र आणखी वाईट होतं. क्रीटच्या दक्षिण किनाऱ्यावर स्फाकियाला बंदरच नव्हतं. उंच कड्यावरून पायवाटेने खाली उतरायचं आणि होड्यांतून जहाजाकडे जायचं. जहाजाच्या साध्या होडीत पंचवीस-तीस माणसं मावतात आणि प्रत्येक फेरीत वल्हवणाऱ्यांचा दम जातो. पहिल्या रात्री चार विनाशिकांना तिथून सुमारे सातशेच सैनिक मिळाले. दुसऱ्या रात्री ग्लेनगाइल हे जहाज आलं. त्याच्याबरोबर सैनिक उतरवण्याच्या सपाट तळाच्या यांत्रिक होड्या होत्या, आणि त्या रात्री आकडा सहा हजारांवर गेला. शत्रू तोच, किनारा तोच. ग्लेनगाइलने जाताना अशा तीन होड्या पुढच्या रात्रींसाठी तिथेच ठेवल्या, आणि हा शहाणपणा पुढे कामी आला.

माणसं चढली की जहाजाचं काय होतं

सगळ्यात आधी वजन. हॉटस्परसारखी विनाशिका १,३४० टनांची, तिचे स्वतःचे खलाशी दीडशेच्या आत. तिच्यावर साडेसातशे जास्तीची माणसं आली तर साठएक टन वाढतात. आकडा मोठा वाटत नाही, पण ते साठ टन कुठे बसतात हे महत्त्वाचं. खाली इंजिन, बॉयलर आणि तेलाच्या टाक्या असतात, त्यामुळे माणसं जमा होतात वरच्या डेकवर. जहाजाचा गुरुत्वमध्य वर सरकतो. त्यात परतीच्या वाटेवर तळाच्या टाक्यांतलं तेल जळून गेलेलं असतं, म्हणजे तळ हलका आणि माथा जड.

आता हे जहाज पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूला टाकतं. वळताना जहाज वळणाच्या बाहेरच्या बाजूला कलतं. डेकवर उभी असलेली माणसं त्या बाजूला घसरतात, आणि त्यांच्या वजनाने कल आणखी वाढतो. म्हणून वरच्या डेकवरच्या सैनिकांना पहिला हुकूम असतो तो खाली बसायचा, आणि दुसरा एका बाजूला न धावायचा. विमान दिसलं की दुसऱ्या कठड्याकडे पळावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पाचशे माणसांना एकदम तसं वाटलं तर मात्र ते जहाजाच्या मुळावर येतं.

दुसरी अडचण वाटांची. युद्धनौकेत प्रत्येक जागा कशासाठी तरी ठेवलेली असते. तोफेला चहूबाजूला फिरायला मोकळी जागा लागते, दारूगोळा कोठारातून वर यायला वाट लागते, आणि आग विझवणाऱ्या, भोकं बुजवणाऱ्या तुकड्यांना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे धावावं लागतं. जिन्यांवर आणि बोळांत थकून झोपलेले सैनिक असतील तर हे सगळं थांबतं. त्यात जखमी. जहाजातल्या शिड्या जवळजवळ उभ्या आणि दारं अरुंद, त्यामुळे एक स्ट्रेचर खाली न्यायला चार माणसं आणि बराच वेळ जातो.

म्हणून भरताना क्रम पाळतात. सगळ्यात लांबचे आणि खालचे कप्पे आधी भरायचे, डाव्या-उजव्या बाजूला सारखे, आणि शिडीच्या तोंडाशी कुणालाही बसू द्यायचं नाही. जे वर उरतात त्यांच्याकडे ब्रेनसारख्या हलक्या मशीनगन असतील तर त्यांना कठड्याला जागा नेमून देतात. त्या गोळीबाराने विमान क्वचितच पडतं, पण खाली येणाऱ्या वैमानिकाला ठिणग्या दिसतात, आणि हात रिकामे नसलेला सैनिक घाबरून उठत नाही.

मग खाली ठेवायचे की वर, हा प्रश्न उरतोच आणि त्याला चांगलं उत्तर नाही. वर ठेवले तर विमानांच्या मशीनगन आणि उडणाऱ्या पोलादी ठिकऱ्या. खाली ठेवले तर त्यांच्यापासून बचाव होतो, पण एखादा बॉम्ब डेक फोडून आत आला तर बंद खोलीत शेकडो माणसं एकत्र. जहाजांविरुद्धच्या बॉम्बला स्फोट किंचित उशिरा करणारा फ्यूज लावतात, तो आत शिरूनच फुटावा म्हणून. हलक्या क्रूझरच्या डेकवरचं पोलाद जेमतेम काही सेंटिमीटरचं असतं आणि अशा बॉम्बला ते पुरत नाही.

सूर मारणारं विमान

बॉम्ब चुकवणं म्हणजे बॉम्बपेक्षा जोरात पळणं, असा समज असतो. गणित करून पाहिलं की खरी गोष्ट कळते. तीन हजार मीटर उंचीवरून सरळ उडणाऱ्या विमानाने सोडलेला बॉम्ब पाण्यापर्यंत यायला पंचवीसएक सेकंद घेतो. ताफ्याचा वेग २९ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ५४ किलोमीटर, सेकंदाला १५ मीटर. पंचवीस सेकंदांत जहाज पावणेचारशे मीटर पुढे जातं, म्हणजे ओरायनच्या १६९ मीटर लांबीच्या दुपटीहून जास्त. दुर्बिणीतून बॉम्ब सुटताना दिसले की कप्तान सुकाणू टाकतो आणि बॉम्ब बाजूला पडतात. म्हणून उंचावरच्या बॉम्बफेकीने धावती युद्धनौका बुडणं दुर्मीळच.

स्टुकाचं तसं नाही. ते जवळपास उभं खाली येतं आणि साधारण साडेचारशे मीटरवर बॉम्ब सोडतं. विमानाचाच वेग त्या बॉम्बला मिळालेला असतो, त्यामुळे तो तीन सेकंदांच्या आत पोहोचतो. तेवढ्यात जहाज चाळीस-पंचेचाळीस मीटर सरकतं. त्याने काही सुटका होत नाही. म्हणजे बॉम्ब सुटल्यावर करण्यासारखं काही उरत नाही; जे करायचं ते त्याआधी, विमान सूर मारत असतानाच्या अर्ध्या मिनिटात.

त्या अर्ध्या मिनिटातही घाई करून चालत नाही. विमान तिरकं होताच वळलं तर वैमानिकाला नेम सुधारायला भरपूर वेळ मिळतो. म्हणून कप्तान आघाडीच्या विमानावर नजर ठेवून थांबतो, ते पुरतं खाली झुकल्यावर सुकाणू पूर्ण टाकतो, आणि शक्यतो विमानाच्या पोटाखाली शिरायच्या दिशेने. त्यामुळे वैमानिकाला आधीच उभा असलेला सूर आणखी उभा करावा लागतो, आणि तो त्याला जमत नाही. यात एक मेख आहे. मोठं जहाज सुकाणू टाकल्याबरोबर वळत नाही. आधी शेपटीकडचा भाग बाहेर फेकला जातो, मग नाक वळतं, यात काही सेकंद जातात. ते सेकंद हिशेबात धरायला कप्तानाला आपलं जहाज हाताच्या रेषांसारखं ठाऊक असावं लागतं. आणि एक विमान चुकवून जहाज वळणात असतानाच दुसरं दुसऱ्या बाजूने आलं, तर? जोरात वळताना वेगही बराच उतरलेला असतो. अनुभवी वैमानिक म्हणूनच तीन-तीनच्या गटाने वेगवेगळ्या दिशांनी येत.

जहाजाच्या तोफांकडून त्या काळात फार अपेक्षा ठेवता येत नव्हती. हॉटस्परसारख्या विनाशिकांच्या ४.७ इंची तोफा ४० अंशांच्या वर उचलल्याच जात नसत. डोक्यावरून उभ्या येणाऱ्या विमानाला त्या रोखूच शकत नव्हत्या. दुसऱ्या जहाजावर उतरणाऱ्या विमानावर मात्र मारा करू शकत. त्यासाठी जहाजांनी एकमेकांच्या माऱ्याच्या टप्प्यात राहायचं, पण वळताना टक्कर होणार नाही इतकं लांबही. क्रूझरवर उंच कोनाच्या तोफा होत्या. त्यांचं नेम धरणारं यंत्र विमान सरळ रेषेत, एकाच वेगाने उडतंय असं धरून आकडे काढायचं. गोळ्याचा फ्यूज वेळेवर फुटणारा, म्हणजे किती सेकंदांनी फुटायचं हे उडवण्याआधीच ठरवावं लागे. सूर मारणारं विमान सरळ उडत नाही आणि त्याचं अंतर क्षणाक्षणाला बदलतं, त्यामुळे ते आकडे जुळायचे नाहीत. मग उरतो तो ठरावीक अंतरावर गोळ्यांचा पडदा उभा करण्याचा उपाय. तो चालतो, पण दारूगोळा खातो.

आणि दारूगोळा संपतो. आठवड्यापूर्वीच, २२ मे रोजी, ग्लॉस्टर आणि फिजी या दोन क्रूझर क्रीटजवळ बुडाल्या होत्या. त्यांना मागे राहून दुसऱ्यांच्या मदतीला जायचा हुकूम मिळाला तेव्हा ग्लॉस्टरकडे विमानभेदी गोळे १८ टक्के आणि फिजीकडे ३० टक्के उरले होते. दिवसभर मारा झेलल्यावर फिजीवर शेवटी सरावाचे गोळे उडवायची वेळ आली. भर समुद्रात हल्ल्याखाली नवे गोळे घेता येत नाहीत. म्हणून ताफ्याला मोहिमेवर पाठवताना तेलाइतकंच काटेकोरपणे कुणाकडे किती गोळे उरलेत हे विचारायला हवं होतं. त्या दिवशी तो प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

दीड तास

हेराक्लिओनहून कासोस सामुद्रधुनीपर्यंत साधारण सत्तर सागरी मैल. २९ नॉटने अडीच तास. पहाटे ३:२० ला निघालेला ताफा उजाडण्याच्या सुमारास सामुद्रधुनी पार करून दक्षिणेला लागला असता.

पावणेचारला इंपीरियलचं सुकाणू अडकलं. ती अचानक ताफ्यातून आडवी गेली आणि क्रूझरना धडकता धडकता वाचली. आदल्या संध्याकाळी जवळ फुटलेला तो बॉम्ब!

इथे जरा थांबू, कारण जवळ फुटलेला बॉम्ब थेट लागलेल्याइतकाच घातक का ठरतो हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पाण्याखालच्या स्फोटाचा तडाखा जवळजवळ जसाच्या तसा जहाजाच्या बुडाला बसतो. पत्रे फाटले नाहीत तरी रिव्हेट सैल होतात आणि सांध्यांतून पाणी झिरपायला लागतं. पंपांच्या बिडाच्या बैठकी तडकतात, विजेचे स्विच आपोआप पडतात, दिवे जातात, नळ्यांचे जोड ढिले होतात. सुकाणूची यंत्रणा ब्रिजपासून, म्हणजे कप्तान जिथून जहाज चालवतो त्या वरच्या जागेपासून, थेट शेपटीपर्यंत पसरलेली असते. ब्रिजवर चाक फिरवलं की द्रव भरलेल्या बारीक नळ्यांतून इशारा मागे जातो आणि तिथलं यंत्र सुकाणूचं पातं फिरवतं. शंभर मीटर लांबीत कुठेही एक जोड हलका झाला तर लगेच काही दिसत नाही. काही तासांनी दाब उतरतो आणि पातं आहे तिथे अडकतं.

रॉलिंग्ज यांच्यासमोर दोनच मार्ग होते. दुरुस्तीची वाट बघायची, किंवा माणसं काढून जहाज सोडायचं. दुरुस्तीला किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, आणि ताफा उभा राहिला तर सगळेच उजेडात सापडणार. त्यांनी हॉटस्परला मागे ठेवलं. अंधारात तिने इंपीरियलला लागून खलाशी आणि सैनिक उतरवून घेतले, टॉर्पेडो मारून ती बुडवली, आणि सुमारे नऊशे माणसं घेऊन ताफा गाठला. तिला गाठता यावं म्हणून बाकीच्यांनी वेग १५ नॉटवर आणला होता. या सगळ्यात दीड तास गेला.

दीड तास म्हणजे पूर्ण वेगात चाळीसहून जास्त सागरी मैल. सूर्य उगवला तेव्हा ताफा नेमका सामुद्रधुनीत होता, स्कार्पांटोच्या धावपट्टीच्या तोंडाशी. इजिप्तहून निघणाऱ्या लढाऊ विमानांशी ठरलेली भेटही चुकली. दुपारी बारापर्यंत ब्रिटिशांचं एकही विमान ताफ्याला दिसलं नाही, आणि तेव्हा दिसली ती नौदलाची दोन फुल्मार.

माझ्या मते रॉलिंग्ज यांचा निर्णय बरोबर होता. इंपीरियलवरची माणसं अंधारात सोडून पुढे जाणं शक्य होतं, आणि घड्याळाचा हिशेब निर्दयपणे केला तर कदाचित एकूण मृत्यू कमी झाले असते. पण तो हिशेब पावणेचार वाजता कुणाच्या हातात नव्हता. जे हातात होतं ते त्यांनी केलं: दुरुस्तीत एक मिनिटही न घालवता जहाजावर पाणी सोडलं.

उजेडात

हल्ले सकाळी ६ ला सुरू झाले ते दुपारी ३ पर्यंत चालले. ६:२५ ला हेरवर्डला बॉम्ब लागला, वेग उतरला आणि ती मागे पडली. या वेळी कुणीही थांबलं नाही. अंधारात थांबायला दीड तास लागला होता. उजेडात, स्टुकांच्या दारात थांबलं तर दुसरं जहाजही गेलं असतं. शेवटची दिसली तेव्हा हेरवर्ड हळूहळू क्रीटच्या किनाऱ्याकडे जात होती आणि तिच्या तोफा चालू होत्या. ती बुडाली; वाचलेल्या बऱ्याच जणांना इटालियन नौकांनी पाण्यातून काढून कैदी केलं.

६:४५ ला डिकॉयच्या शेजारी बॉम्ब फुटला आणि तिच्या यंत्रांना इजा झाली; सगळ्या ताफ्याचा वेग २५ नॉटवर आला. साडेसातला तेच ओरायनच्या बाबतीत झालं आणि वेग २१ वर उतरला. ताफ्याचा वेग सगळ्यात हळू जहाजाइतकाच असतो. प्रत्येक नॉट गेला की धोक्याच्या पट्ट्यातला मुक्काम लांबतो, मुक्काम लांबला की आणखी बॉम्ब पडतात. घसरण सुरू झाली की ती अशीच वाढत जाते. त्याच सुमारास ओरायनचे कप्तान बॅक विमानातल्या गोळीने जबर जखमी झाले आणि थोड्या वेळाने गेले. मग डायडोच्या आणि ओरायनच्या पुढच्या तोफमनोऱ्यांवर एकेक बॉम्ब पडला.

पावणेअकराच्या हल्ल्यात ओरायनवर पडलेला बॉम्ब ब्रिजमधून खाली गेला आणि खलाशांच्या राहण्याच्या कप्प्यात फुटला. तो कप्पा सैनिकांनी खचाखच भरलेला होता. जहाजावर जवळपास अकराशे सैनिक होते. त्या दिवशी ओरायनवर २६० माणसं मेली आणि २८० जखमी झाली.

अशा स्फोटानंतर जहाज जिवंत कसं ठेवतात ते ओरायनवर दिसतं. सुकाणू चालवायची खालची जागा निकामी झाली होती, ब्रिज आणि इंजिनखोली यांचा संपर्क तुटला होता, इंजिनियर अधिकाऱ्यांपैकी तिघे मारले गेले होते. शेपटीकडच्या खोलीत सुकाणू हाताने फिरवायची सोय असते, पण तिथल्या माणसांना बाहेरचं काही दिसत नाही. मग हुकूम देण्याच्या पर्यायी जागेपासून त्या खोलीपर्यंत माणसांची साखळी उभी केली. एकाने हुकूम ऐकायचा, दुसऱ्याला सांगायचा, त्याने तिसऱ्याला. ‘दहा अंश डावीकडे’ हा निरोप इतक्या तोंडांतून, तोफांच्या आवाजात, जशाचा तसा पोहोचवायचा. त्यासाठी एक नियम कडक पाळावा लागतो: ऐकलेला हुकूम ऐकणाऱ्याने आधी परत म्हणून दाखवायचा, मगच पुढे द्यायचा.

तेलाच्या टाक्यांत समुद्राचं पाणी शिरलं होतं. बॉयलरच्या बर्नरला तेलाऐवजी पाणी आलं की ज्योत फडफडते किंवा विझते, वाफेचा दाब कोसळतो आणि पंखे मंदावतात. पुन्हा स्वच्छ तेल आलं की आग भडकते, दाब चढतो. ओरायनचा वेग १२ आणि २५ नॉट यांच्यामध्ये वरखाली होत राहिला. यावर उपाय म्हणजे टाकी बदलून बघायची, पाणी तळाशी बसलेलं असेल तर वरचं तेल ओढायचं, आणि बर्नरसमोर माणूस उभा ठेवून ज्योत विझताच झडप बंद करून पुन्हा पेटवायची. पेटवायला उशीर झाला आणि तप्त भट्टीत तेल साचलं, तर त्याचा स्फोट होतो.

रात्री ८ वाजता ओरायन अलेक्झांड्रियाला पोहोचली. तिच्याकडे १० टन तेल उरलं होतं, आणि सहा इंची तोफांचे स्फोटक गोळे दोन. हेराक्लिओनहून चढलेल्या सैनिकांपैकी सुमारे आठशे जण मेले, जखमी झाले किंवा कैद झाले, म्हणजे दर पाचांतला एक.

पुढच्या रात्री काय बदललं

हेराक्लिओनला पुन्हा कुणी गेलं नाही. जाण्याची गरजही उरली नव्हती. बाकीचं सैन्य स्फाकियाहून, दक्षिण किनाऱ्यावरून काढलं गेलं. तिथून निघालं की सामुद्रधुनीचा वळसा नाही, स्कार्पांटोच्या दारावरून जाणं नाही. पहाटे ३ ला निघालेलं जहाज उजाडेपर्यंत सरळ दक्षिणेला बरंच दूर गेलेलं असायचं, आणि इजिप्तहून येणारी लढाऊ विमानंही त्याला आता सापडू लागली. धोका संपला नव्हता. ३० मे रोजी ऑस्ट्रेलियन क्रूझर पर्थच्या बॉयलरखोलीला बॉम्ब लागला. पण हेराक्लिओनच्या फेरीसारखा संहार स्फाकियाच्या कुठल्याही फेरीत झाला नाही. फरक होता तो वाटेचा आणि घड्याळाचा.

अंधाराचं हेच गणित वर्षभर आधी डंकर्कलाही दिसलं होतं. तिथे इंग्लंडचा किनारा जवळ होता, सगळ्यात लहान वाट ३९ सागरी मैलांची, आणि ब्रिटिश लढाऊ विमानं पोहोचत होती. तरीही १ जून १९४० च्या एका दिवसात कीथ, बॅसिलिस्क, हॅव्हंट आणि फ्रेंच फूद्रोयाँ या चार विनाशिका हवाई हल्ल्यांत गेल्या, आणि त्यानंतर सैनिक फक्त रात्री काढायचे असं ठरलं.

स्फाकियाहून शेवटचा ताफा १ जूनच्या पहाटे ३ ला निघाला. त्यावर जवळपास चार हजार सैनिक होते आणि ते सुखरूप पोहोचले. त्यांना वाटेत विमानभेदी आधार द्यायला अलेक्झांड्रियाहून कॅल्कटा आणि कॉव्हेंट्री या क्रूझर निघाल्या होत्या. सूर्याच्या दिशेने आलेल्या दोन जर्मन युंकर्स-८८ विमानांनी अलेक्झांड्रियापासून सुमारे शंभर मैलांवर कॅल्कटाला गाठलं आणि काही मिनिटांत ती बुडाली. कॉव्हेंट्रीने २५५ जणांना पाण्यातून काढलं. त्याच दिवशी स्फाकियाच्या वरच्या डोंगरात आणि किनाऱ्यावर मागे राहिलेल्या सुमारे पाच हजार सैनिकांना शरण जायला सांगण्यात आलं.